फोनला वाय-फाय दिसतं, लॅपटॉपला दिसत नाही : चिपळूणच्या एका घरातलं प्रकरण

तक्रार अशी होती : लाईट गेली की वाय-फाय जातं, लाईट आली की फोन आपणहून जोडला जातो, लॅपटॉप मात्र जोडला जात नाही. तेही रोज नाही, कधी कधी.

घर चिपळूणचं, माझ्या काकूचं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, राउटर माजघरात आणि लॅपटॉप पडवीतल्या टेबलावर. काकू निवृत्त शिक्षिका आहे आणि अमेरिकेतल्या मराठी घरांमधल्या मुलांना ऑनलाईन मराठी शिकवते. न्यू जर्सीतले रात्रीचे आठ म्हणजे इथे पहाटेचे साडेपाच, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसहा. पावसाळ्यात त्या वेळेला वीज जाणं-येणं चालूच असतं. पंधरा मिनिटांनी लाईट परत येते, राउटरचे दिवे लागतात, फोनवर मेसेज यायला लागतात, आणि लॅपटॉप तसाच कोरडा बसून राहतो. पडद्यापलीकडे मुलं वाट बघत असतात. म्हणून ही तक्रार मला क्षुल्लक वाटली नाही.

माझ्याकडे प्रकरण येईपर्यंत बरंच काही करून झालं होतं. नेटवर्क ‘विसरून’ पासवर्ड पुन्हा घातला होता. वाय-फायचा ड्रायव्हर अद्ययावत केला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी वाय-फाय कार्ड बंद करायला विंडोजला परवानगी देणारी खूण काढली होती. नेटवर्क रीसेट झालं होतं. शेवटी एका दुकानात विंडोज ११ नव्याने टाकून झालं. प्रत्येक उपायानंतर दोन-चार दिवस बरे जात आणि मग एका पहाटे पुन्हा तेच. एक उपाय मात्र बहुतेक वेळा लागू पडायचा : राउटर बंद करून परत चालू करणं. कधी एकदा, कधी दोन-तीनदा. त्यामुळे घरात सगळ्यांचं मत झालं होतं की राउटर खराब आहे. इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्या दादांचं म्हणणं, फोन चालतोय म्हणजे राउटर ठीक आहे, दोष लॅपटॉपचा. दोन्ही बाजूंनी जे बघितलं होतं ते खरंच होतं, आणि त्यामुळेच गुंता सुटत नव्हता.

कुठल्या पायरीवर अडतंय?

लॅपटॉप ‘आपणहून जोडला जातो’ असं आपण म्हणतो तेव्हा आत चार गोष्टी एकामागून एक होतात. आधी तो आजूबाजूची नेटवर्क शोधतो. त्यात ओळखीचं नाव सापडलं तर त्याला जोडायचं की नाही हे ठरवतो. मग पासवर्डची पडताळणी होऊन आत शिरतो. आणि शेवटी राउटरकडून आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा स्वतःचा क्रमांक, घेतो. चारांपैकी कुठेही अडलं तरी माणसाला दिसतं ते एकच, की नेट नाही. पण प्रत्येक पायरीचा दोष वेगळा आणि उपायही वेगळा. पासवर्ड पुन्हा विचारला जात असेल तर गडबड तिसऱ्या पायरीवर आहे. जोडलेलं दाखवतो पण नेट नाही आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, तर चौथ्या. फक्त झाकण मिटून उघडल्यावरच अडत असेल, तर मग कार्डाची वीजबचत आणि ड्रायव्हर बघण्यात अर्थ आहे. काकूकडे झालेले बहुतेक उपाय तिसऱ्या पायरीचे किंवा झोपेतून उठण्याच्या दोषाचे होते. पहिल्या पायरीकडे कोणी बघितलंच नव्हतं.

म्हणून मी काकूला फोनवर फक्त एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी अडलं की काहीही बदलू नकोस. खाली उजव्या कोपऱ्यातलं वाय-फायचं चिन्ह दाब, नेटवर्कची यादी उघड, मिनिटभर थांब आणि फोनने त्या यादीचा फोटो काढून पाठव.

“अगं, यादीत काय बघायचंय? सगळ्या वाडीची नावं असतात त्यात,” ती म्हणाली.

“सगळ्या वाडीची असतात, पण तुझं असतं का, ते मला बघायचंय.”

पुढच्या काही दिवसांत फोटो आले आणि त्यांत दोन वेगवेगळी चित्रं निघाली. काही फोटोंत घरच्या वाय-फायचं नाव यादीत स्वच्छ दिसत होतं, पण लॅपटॉप काकूच्या मोबाईल हॉटस्पॉटला जोडलेला होता. बाकीच्या फोटोंत शेजाऱ्यांची नावं होती, घरचं नाव नव्हतंच. एका तक्रारीच्या पोटात दोन दोष होते. घरच्यांनी ते एकत्र मोजले होते, आणि त्यामुळे कुठलाही एक उपाय पुरा पडत नव्हता.

हॉटस्पॉटची बाजू

ही सोपी निघाली. वीज गेली की तास बुडू नये म्हणून काकू फोनचा हॉटस्पॉट चालू करायची. लॅपटॉप त्याला जोडला जायचा. वीज आल्यावर घरचं वाय-फाय परत यायचं, पण लॅपटॉप हॉटस्पॉट सोडायचा नाही. विंडोजची मूळ मांडणीच तशी आहे : एका नेटवर्कवर नीट चालू असताना दुसरं ओळखीचं नेटवर्क दिसलं म्हणून ते उडी मारत नाही. प्रत्येक नेटवर्कच्या जतन केलेल्या नोंदीत तसं लिहिलेलं असतं. चालू व्हिडिओ कॉल मध्येच तुटू नये, तर हेच योग्य आहे. शिवाय लॅपटॉप जोडलेला असेपर्यंत फोनचा हॉटस्पॉटही आपोआप बंद होत नाही. म्हणजे दोघंही एकमेकांना धरून बसतात आणि मोबाईलचा डेटा संपत जातो.

उपाय दोन मिनिटांचा. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘वाय-फाय’, मग ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’. तिथे हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन आपोआप जोडण्याची खूण काढली आणि घरच्या नावावर ती आहे ना, हे बघितलं. आता हॉटस्पॉट हवा असेल तेव्हा काकू हाताने निवडते, आणि वीज आली की फोनवरून बंद करते. तो बंद होताच लॅपटॉप नेटवर्क शोधायला लागतो आणि घरच्यावर येतो. एक गोष्ट तिला बजावून सांगितली : घरच्या नावावर कधीही ‘डिस्कनेक्ट’ दाबू नकोस. ते दाबलं की विंडोज ती तुझी इच्छा समजतं, आणि पुन्हा हाताने जोडेपर्यंत आपणहून जोडायला जात नाही.

नाव दिसतच नाही, ती बाजू

खरं प्रकरण इथे होतं. त्यासाठी मी चिपळूणला गेले, कारण हे समोर बसून बघण्याचं काम होतं.

पहिल्यांदा लॅपटॉपचीच साक्ष घेतली. विंडोज वाय-फायच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की मागच्या तीन दिवसांचा अहवाल वेबपानाच्या रूपात तयार होतो. त्याच्याही मागचं हवं असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूलॅन-ऑटोकॉन्फिग’ या नावाखाली सापडतं. त्यातले चार क्रमांक ओळखीचे करून घ्यावेत : ८००० म्हणजे जोडायला सुरुवात केली, ८००१ म्हणजे जोडलं, ८००२ म्हणजे प्रयत्न फसला, ८००३ म्हणजे तुटलं.

ज्या पहाटेचे फोटो ‘नाव नाही’ असे होते, त्या पहाटेच्या नोंदी मी काढल्या. वीज गेली त्या क्षणाची ८००३ होती. त्यानंतर घरच्या नावाची ८००० नाही, ८००२ नाही. लॅपटॉपने घरच्या वाय-फायला जोडण्याचा प्रयत्नच केला नव्हता. थेट पुढची नोंद हॉटस्पॉटला जोडल्याची. इथे पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार, आयपी पत्ता हे सगळे संशयित एका फटक्यात सुटले. प्रयत्न फसला असता तर तशी नोंद पडली असती. ज्याला नाव ऐकूच येत नाही तो प्रयत्न कशाचा करणार?

मग फोनला कसं ऐकू येतं? अँड्रॉइड फोनवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं एक मोफत ॲप घेतलं. कुठलं नेटवर्क कुठल्या चॅनेलवर, म्हणजे रेडिओलहरींच्या कुठल्या पट्टीवर, आहे ते त्यात आलेखासारखं दिसतं. (अँड्रॉइड ९ पासून ॲपना दोन मिनिटांत चारदाच शोध घेऊ देतं, त्यामुळे चित्र सावकाश बदलतं. दर वेळी थोडं थांबावं लागतं.) लॅपटॉपवर ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो नेटवर्क्स मोड=बीएसएसआयडी’ या आज्ञेने तीच माहिती अक्षरांत मिळते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. फोनच्या यादीत वाडीतली दोन नेटवर्क १२ आणि १३ या चॅनेलवर होती. लॅपटॉपच्या यादीत ती नव्हती. ११ च्या वरचं एकही नेटवर्क त्यात नव्हतं. राउटरला अजून हातही लावला नव्हता, आणि दिशा मिळाली होती.

मी काकूला विचारलं, “हा लॅपटॉप कुठून घेतलेला?”

“आपल्या घरच्या दादाने आणला ना तिकडून, मागच्या खेपेला.”

तिकडून म्हणजे अमेरिकेतून.

चॅनेल १३ आणि अमेरिकेतला लॅपटॉप

२.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वाय-फायचे चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्‌झच्या अंतराने आखलेले आहेत. पहिल्याचा मध्य २४१२ मेगाहर्ट्‌झ, अकराव्याचा २४६२, तेराव्याचा २४७२. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला, म्हणून इथले राउटर १ ते १३ असे तेराही चॅनेल वापरतात. अमेरिकेत या पट्ट्याला वरच्या अंगाने लागूनच राखीव लहरी आहेत. तिथवर गळती जाऊ नये म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांत निर्माते सहसा ११ वर थांबतात. कार्ड कुठल्या देशासाठी आहे याची खूण कार्डाच्याच स्मृतीत असते. काही कार्डं भोवतालच्या राउटरनी केलेल्या देशाच्या घोषणा ऐकून स्वतःला जुळवून घेतात, काही अजिबात घेत नाहीत. काकूच्या लॅपटॉपमधलं दुसऱ्या जातीचं होतं. रेडिओचा काटा जिथे संपतो त्याच्या पुढचं केंद्र कितीही जोरात लागलेलं असलं तरी त्या रेडिओवर ऐकू येत नाही, तसंच हे. फोनचा प्रश्न येत नाही, कारण तो आपण कुठल्या देशात आहोत हे मोबाईलच्या टॉवरकडून ओळखतो.

विंडोज नव्याने टाकून काही फरक का पडला नाही, हेही यातच आलं. ती मर्यादा विंडोजमध्ये नव्हतीच.

आता ‘कधी कधी’ का? राउटरमध्ये चॅनेल ‘ऑटो’वर होता. हा राउटर चालू होताना एकदा आजूबाजूला कानोसा घेतो, त्यातल्या त्यात मोकळा चॅनेल निवडतो, आणि पुढच्या वेळी बंद पडेपर्यंत त्यावरच राहतो. वीज गेली-आली की निवड नव्याने. ६ किंवा ११ मिळाला तर लॅपटॉप मिनिटभरात जोडला जातो, १२ किंवा १३ मिळाला तर त्याच्या लेखी राउटर घरात नाहीच. राउटर दोन-तीनदा बंद-चालू केल्यावर ‘बरं’ का वाटायचं, ते आता सांगायला नको.

लॅपटॉप आल्यावर पहिलं वर्षभर हा त्रास नव्हता, असं काकू ठामपणे सांगत होती. ते मला आधी जुळत नव्हतं, कारण कार्डाची मर्यादा पहिल्या दिवसापासूनचीच. उत्तर वाडीत होतं. मधल्या काळात आजूबाजूच्या घरांत फायबरची जोडणी आली. नवे राउटर बहुतेक १, ६ आणि ११ वर बसलेले, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. खालची जागा भरली, तसा काकूच्या राउटरला वरचा १२-१३ चा कोपरा मोकळा वाटायला लागला. ना लॅपटॉप बिघडला होता, ना राउटर. शेजार वाढला होता. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटला तो हा धागा, कारण ‘आधी चालत होतं’ या एका वाक्यावरून माणसं भलत्या दिशेने जातात आणि अलीकडे काय बदललं ते लॅपटॉपच्या आतच शोधत राहतात.

पुरावा आणि दुरुस्ती

एवढं जुळलं तरी ते प्रत्यक्ष करून बघितल्याशिवाय मला मान्य करायचं नव्हतं. राउटरचं पान १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडत होतं, पण खाली चिकटवलेल्या नाव-पासवर्डाने आत गेल्यावर चॅनेलचा रकाना करड्या रंगात, न बदलता येणारा. केबलवाल्या दादांना फोन केला, दोन्ही याद्यांचे फोटो पाठवले. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं आणि त्यांच्या बाजूने तो रकाना मोकळा करून दिला.

चॅनेल मुद्दाम १३ केला. लॅपटॉपच्या यादीतून घरचं नाव गेलं. फोन तसाच जोडलेला. चॅनेल ११ केला, नाव परत आलं आणि लॅपटॉप आपणहून जोडला गेला. हेच पुन्हा उलटसुलट करून बघितलं, दर वेळी तसंच. दोष मागू तेव्हा हजर करता येतो आणि मागू तेव्हा घालवता येतो, इथपर्यंत आल्याशिवाय ‘कधी कधी’ची तक्रार मिटली असं समजू नये.

कायमचा चॅनेल ठरवताना ॲप राउटरजवळ धरून उपयोग नाही. लॅपटॉप जिथे असतो तिथे, पडवीत बसून बघायचं. चिऱ्याच्या भिंतीपलीकडे घरचा सिग्नल बराच पडतो आणि समोरच्या घरांचे सिग्नल चढतात. पडवीत ६ आणि ११ वर गर्दी होती, १ वर दोनच दुबळी नेटवर्क. म्हणून १. चॅनेलची रुंदी ‘ऑटो’वरून काढून २० मेगाहर्ट्‌झ केली. दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्‌झवर ४० ची रुंदी घेतली की पट्ट्याचा मोठा भाग एकटाच व्यापतो, स्वतःलाही त्रास आणि शेजाऱ्यांनाही. मग माजघरातलं बटण बंद-चालू करून लॅपटॉप परत येतो ना, ते काकूने स्वतः बघितलं.

दुसरेही मार्ग सुचवले गेले होते. राउटरमध्ये देश ‘अमेरिका’ करा, म्हणजे १२-१३ आपोआप गळतील, असं एकाने सांगितलं. ते मी केलं नाही. देशाची निवड फक्त चॅनेल ठरवत नाही, प्रक्षेपणाची शक्तीही ठरवते. भारतात चालणाऱ्या राउटरला भारताचेच नियम असावेत. ड्रायव्हरच्या फायलींत फेरफार करून कार्डाचा देश बदलण्याच्या युक्त्याही फिरत असतात, त्यांच्याही वाटेला जाऊ नये. राउटर मोकळा करून मिळालाच नसता, तर भारतात विकला जाणारा छोटा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर लॅपटॉपला लावला असता.

राउटरला छोटा यूपीएसही घेतला, राउटरच्या वीज-अडॅप्टरवर लिहिलेला व्होल्टेज जुळवून. फायबरच्या पॅसिव्ह जोडणीत वाटेत वीज लागणारी यंत्रं नसतात. त्यामुळे दादांच्या टोकाला बॅटरी असेल तर घरात अंधार असतानाही तास चालू राहतो. पण हा यूपीएस आधी घेतला असता तर खरा दोष झाकला गेला असता आणि लांबलेल्या वीजकपातीनंतर पुन्हा उघडा पडला असता.

नंतर

गणपतीच्या सुमारास काकूचा फोन आला, पुन्हा दिसत नाहीये. या वेळी तिने यादीचा फोटो आधीच काढून ठेवला होता, आणि फोनवरचं ॲप उघडून चॅनेलही बघितला होता : १२. राउटर पुरवणारे त्याच्या सेटिंग्ज लांबूनच बदलू शकतात. दादांनी सगळ्या ग्राहकांच्या राउटरवर एक नवी मांडणी पाठवली होती आणि तिच्यात चॅनेल परत ‘ऑटो’ झाला होता. काकूने त्यांना फोन करून नेमकं सांगितलं, “चॅनेल एक, रुंदी वीस,” आणि दहा मिनिटांत काम झालं. आता त्यांनी तिच्या जोडणीच्या नोंदीतच हे लिहून ठेवलंय.

पुढच्या वर्षी तिच्याकडे दोन पट्ट्यांचा राउटर येणार आहे. ५ गिगाहर्ट्‌झवर ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे चॅनेल भारतात आणि अमेरिकेत दोन्हीकडे चालतात, त्यामुळे तिथे लॅपटॉपची अडचण नसावी. मात्र ५२ ते १४४ मधला चॅनेल असेल तर राउटरला आधी रडार नाही ना, हे निदान मिनिटभर ऐकून घ्यावं लागतं. तोवर ५ गिगाहर्ट्‌झचं नाव दिसत नाही, आणि साडेपाचच्या तासाला ते मिनिटही मोठं असतं. म्हणून ५ गिगाहर्ट्‌झसाठी ३६ किंवा १४९ ठेवा आणि २.४ चा ‘ऑटो’ काढून टाका, एवढं दादांना आत्ताच कळवून ठेवलं आहे.